रिकाम्या कुप्यांची चोरी

१

प्रयोगशाळेत चोरी झाली म्हटल्यावर भिंगबाईंना धक्का बसलाच. पण चोराने काय नेलं हे कळलं, तेव्हा त्या मटकन स्टुलावर बसल्या.

कर्करोग रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर, उंदरांच्या खोलीला लागून, ते शीतकपाट होतं. आत दोन तबकं. एकात निळ्या टोपणांच्या कुप्या, दुसऱ्यात पांढऱ्या. निळ्या कुप्यांत प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं, म्हणजे सरांचं, उभं आयुष्य होतं: पॉलिमरचे, म्हणजे प्लास्टिकच्याच जातकुळीतले, डोळ्यांना न दिसणारे कण आणि त्या कणांच्या पोटात भरलेलं नवं औषध. कणांनी औषध गाठीपर्यंत वाहून न्यायचं आणि तिथे सोडायचं, असा बेत. पांढऱ्या कुप्यांत तेच कण, पण पोट रिकामं. गुण येतोय तो औषधाचा, कणांचा नाही, एवढं ताडून बघण्यापुरत्याच त्या. अर्ध्या उंदरांना निळं टोचायचं, अर्ध्यांना पांढरं, आणि फरक बघायचा.

चोराने निळ्याला बोटही लावलं नव्हतं. पांढरं तबक मात्र साफ झालं होतं. कोपऱ्यात तीन कुप्या तेवढ्या उरल्या होत्या.

"म्हणजे सोनाराच्या दुकानात शिरायचं, दागिने तसेच ठेवायचे आणि रिकाम्या डब्या घेऊन पसार व्हायचं!" रुग्णालयाच्या संचालकबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "ही कसली चोरी?"

कपाट उघडून पहिल्यांदा किंचाळली होती ती सुईवाली. उंदरांना टोचण्याचं नाजूक काम या तरुण संशोधिकेकडे, म्हणून तिला हे नाव पडलेलं. ती भिंतीला टेकून मुसमुसत होती. शेजारी आचारी हाताची घडी घालून उभा. तो रसायनतज्ज्ञ, पॉलिमर शिजवतो म्हणून आचारी, आणि हे नाव त्याला स्वतःलाही आवडायचं. खिडकीपाशी सर होते. पाठ सगळ्यांकडे, कोट गळ्यापर्यंत बंद. कपाटाचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ल्या या तिघांकडेच होत्या.

"रिकाम्या तर होत्या," सर न वळताच म्हणाले. "आचारी नव्या करून देईल. एवढा गवगवा कशाला?"

"गवगवा कशाला?" संचालकबाईंचा आवाज चढला. "पुढच्या आठवड्यात समिती येतेय. हे औषध माणसांना द्यायचं की नाही, ते ठरणार आहे. तुलनेचा माल कुठे गेला म्हणून विचारलं तर काय सांगू? उंदरांनी खाल्ला?"

पोलीस बोलवावेत तर बोभाटा, न बोलवावेत तर पंचाईत. शेवटी बाईंची नजर भिंगबाईंवर येऊन थांबली.

भिंगबाई तळमजल्यावर बसत. माणसाच्या असो की उंदराच्या, शरीरातून काढलेल्या गाठीचे पातळ काप काचेवर चढवायचे आणि सूक्ष्मदर्शकातून ते वाचायचे, हे त्यांचं काम. गळ्यात कायम एक भिंग लोंबकळायचं. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठे उरलंच नव्हतं. सरांच्याच हाताखाली त्या शिकल्या होत्या आणि सरांबद्दल कुणी वावगा शब्द काढला तर आजही त्या भांडायला उठत.

"तूच बघ बाई," संचालकबाई म्हणाल्या. "तुझ्या नजरेतून काही सुटत नाही म्हणतात."

भिंगबाईंची नजर त्या कोपऱ्यातल्या तीन कुप्यांवर खिळली होती. चोराला पांढऱ्या कुप्या हव्या होत्या, तर या तीन ठेवल्या कशाला? आणि हव्या नव्हत्या, तर बाकीच्या नेल्या कशाला?

२

आचाऱ्याच्या खोलीत तापलेल्या प्लास्टिकचा गोडसर वास भरून राहिला होता. काचेच्या चंबूत काहीतरी संथपणे ढवळलं जात होतं.

भिंगबाईंना आडून आडून बोलणं जमत नसे. तरी आज त्यांनी प्रयत्न केला. "आई कशी आहे तुझी?"

आचाऱ्याची आई खालच्याच वॉर्डात होती. गाठ फुप्फुसात, आणि डॉक्टरांनी मान हलवायला सुरुवात केली होती. हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

आचाऱ्याने चंबूखालची आच बंद केली आणि वळून त्यांच्याकडे पाहिलं. "सरळ विचारा ना बाई. आईला टोचायला नेल्यास का, असंच ना?"

भिंगबाईंचे कान तापले. "विचारावं लागतंय रे."

"विचारा. पण ऐकूनही घ्या." तो पुढे सरकला. "पांढऱ्या कुप्यांची ही खेप मी घाईत काढली होती. पॉलिमर विरघळवायला जो द्राव वापरतो, तो नंतर धुऊन धुऊन काढावा लागतो. समितीची तारीख अलीकडे आली, सगळे मानगुटीवर बसले आणि धुणं अर्धवट राहिलं. उंदराला इवलासा थेंब लागतो, तेवढं खपून जातं. माणसाला लागेल तितकं भरून टोचलं तर यकृताची वाट लागेल. माझ्या हातचं विष मी माझ्या आईच्या अंगात घालेन, असं वाटतं तुम्हाला?"

कर्करोगाच्या प्रयोगाची खेप, आणि त्यात विष! ते कपाटात तसंच, चिठ्ठी न चिकटवता, ठेवलेलं!

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"सुईवालीला. हातमोज्यांशिवाय कुपीला हात लावायचा नाही, म्हणून बजावलं होतं. सर तेव्हा परगावी परिषदेला गेले होते. आल्यावर सांगू म्हटलं आणि राहूनच गेलं. उंदरांपुरतंच होतं ना सगळं?" तो ओशाळला. मग एकदम त्याच्या कपाळावर आठी पडली. "पण बाई, रिकामे कण टोचून कुणाला काय मिळणार? त्यात औषधच नाही. ही चोरी माझ्या डोक्यात बसतच नाही. तुम्ही सुईवालीला गाठा. बरेच दिवस झाले, ती माझी नजर चुकवतेय. पोरीच्या पोटात काहीतरी आहे."

३

उंदरांच्या खोलीत दिवे मंद होते आणि पिंजऱ्यांतून सतत खसखस ऐकू येत होती. सुईवाली एका पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसली होती. रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"मी नाही घेतल्या," भिंगबाई दारात दिसताच ती म्हणाली.

"घेतल्यास असं म्हटलंय का मी? काय लपवतेयस तेवढं सांग."

तिने मान खाली घातली. भिंगबाई शेजारी टेकल्या आणि गप्प बसल्या. गप्प बसलेल्या माणसासमोर लोक जास्त बोलतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

"बाई," सुईवाली अखेर म्हणाली, "मागे तुम्ही त्या काचा वाचल्या होत्या, आठवतं? काचांवर नुसते आकडे होते. कुठला उंदीर निळा, कुठला पांढरा, ते तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं."

न आठवायला काय झालं! भिंगबाई त्या दिवशी लिफ्टची वाट न बघता जिने चढून सरांच्या खोलीत घुसल्या होत्या. एरवी कर्करोगाची गाठ म्हणजे गाफील वस्तीत बिनबोभाट वाढणारी टोळी. शरीराच्या पहारेकरी पेशी तिच्या शेजारून जातात आणि तिला ओळखतही नाहीत. त्या काचांवर मात्र पहारेकरी चहूबाजूंनी गाठीत घुसले होते आणि तिचे लचके तोडत होते. तसलं दृश्य भिंगबाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. "सर, तुमचं औषध जिंकलं!" असं त्या जवळजवळ ओरडल्याच होत्या.

"आठवतं. त्याचं काय?"

सुईवालीने ओठ चावला. "ते उंदीर औषधाचे नव्हते, बाई. रिकाम्या कुप्यांचे होते."

भिंगबाई ताडकन तिच्याकडे वळल्या. "काय बोलतेस काय तू?"

"आकडे मी परत परत ताडले. औषधवाल्यांच्या गाठी मरत होत्या, पण त्यांचे पहारेकरीही मरत होते. औषध दोघांनाही मारतं. नुसत्या पॉलिमरने मात्र पहारेकरी जागे केले. काहीतरी परकं अंगात शिरलंय, म्हणून ते उठले आणि उठल्यावर त्यांना गाठ दिसली. असंच असणार. बघा तरी यांच्याकडे."

तिने पिंजऱ्याकडे बोट केलं. उंदीर एक पुढचा पाय अंगापासून फाकवून चालत होते, पैलवान आखाड्यात उतरतो तसे. एरवी भिंगबाईंना हसू आलं असतं.

"खांद्याशी टोचलं की काखेत अवधाण येतं, म्हणजे तिथे सुजून दुखतं, मग त्यांना पाय मिटता येत नाही. अंग गरम असतं, थरथरतात. पांढऱ्या गटातल्या सगळ्यांना हे होतं. निळ्या गटात कुणालाच नाही."

"आणि हे तू कुणाला सांगितलंस?"

"फक्त सरांना. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, समिती येऊन जाईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. आचाऱ्यालाही नाही." तिने डोळे पुसले. "आता त्या कुप्याच नाहीशा झाल्या. बाई, मला भीती वाटते. मी कुणावर आळ घेत नाहीये. पण रिकाम्या कुप्यांनी आपलं औषध खोटं पाडलं, हे झाकायची गरज कुणाला आहे?"

नाव दोघींपैकी कुणीच घेतलं नाही. भिंगबाई उठून बाहेर पडल्या.

४

सर? ज्या सरांनी त्यांना शिकवलं होतं, की काच काय सांगते ते लिहायचं, आपल्याला काय हवंय ते नाही?

भिंगबाई पुन्हा शीतकपाटापाशी आल्या. मन सरांच्या बाजूने भांडत होतं आणि डोकं ऐकत नव्हतं. त्यांनी उरलेल्या तीन कुप्यांतली एक उचलली, हलवली आणि दिव्यासमोर धरली. दुधासारख्या पाण्यात रव्यासारखे बारीक कण तरंगत होते. दुसरी धरली. तिच्यातही तेच. तिसरीतही.

"आचाऱ्या!" त्यांनी हाक मारली. "हे काय आहे?"

त्याने डोळे बारीक केले. "गोठल्यात त्या. कपाटाच्या मागच्या भिंतीला चिकटल्या की गोठतात, मग कण एकमेकांना धरून बसतात. असल्या कुप्या टाकूनच द्यायच्या. सुईत अडकतात."

"आणि हे नुसतं बघून कळतं?"

"छे. उजेडात धरल्याशिवाय नाही."

भिंगबाई तिथेच थबकल्या. ज्याला पुरावा नाहीसा करायचाय, तो तबक उचलतो आणि मोरीत रिकामं करतो. एकेक कुपी दिव्यासमोर धरून, हलवून, खराब तेवढी परत ठेवणारा माणूस काही नासायला आलेला नव्हता. त्याला चांगला माल हवा होता. सुईतून नीट उतरेल असा.

त्या कुप्या कुणाला तरी टोचायला नेल्या होत्या. आणि त्यांत विष होतं.

हे आचाऱ्याला माहीत होतं. सुईवालीला माहीत होतं. त्यांच्यापैकी कुणी त्या माणसाच्या अंगात घातल्या नसत्या. राहिली तिसरी किल्ली. रिकामे कण गाठीवर चालतात हे त्या किल्लीच्या मालकाला माहीत होतं. खेप धुतलेली नाही, हे मात्र त्याच्या कानावर गेलंच नव्हतं.

आणि आता भिंगबाईंना तो गळ्यापर्यंत बंद केलेला कोट आठवला. बाकीच्यांना उकाड्याने घाम फुटलेल्या खोलीत!

सरांना गाठ आहे. सर स्वतःला टोचून घेताहेत.

त्या धावत सुटणार, इतक्यात आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात टोचली. त्यांनी वाचलेल्या काचा सुरुवातीच्या उंदरांच्या होत्या. जे उंदीर पुढे बरेच दिवस ते कण घेत राहिले, त्यांच्या काचा परवाच खाली आल्या होत्या आणि त्या त्यांनी उघडल्याही नव्हत्या. निकाल कळलाच आहे, कशाला घाई, असं वाटलं होतं.

तळमजल्यावर जाऊन त्यांनी पहिलीच काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

पहारेकरी होते. पुष्कळ होते. पण ते सुस्त झाले होते. पॉलिमर गिळून गिळून फुगले होते. शरीराला तो पचवता येत नाही, म्हणून तो त्यांच्या पोटातच साचलेला. गाठीभोवती ते असे दाटून बसले होते, की नव्या पहारेकऱ्यांना आत शिरायला वाट उरली नव्हती. आत गाठ पूर्वीपेक्षा जोमाने वाढत होती. शत्रूच्या वाड्याला आपल्याच शिपायांचा पहारा! दुसरी काच तशीच, तिसरीही तशीच. जे पॉलिमर आधी जागं करतं, तेच पुढे गुंगवतं.

त्यांनी डोकं वर केलं तेव्हा खिडकीबाहेर सर दिसले. खांद्याला डबे गार ठेवायची जाड पिशवी, आणि ते गाडीच्या दिशेने चालले होते. डावा हात अंगापासून फाकवून, पैलवानासारखे.

"सर!" भिंगबाईंनी काचेवर हात आपटला. सरांनी वळून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत हळदीसारखा पिवळेपणा होता.

पुढच्या क्षणी गाडीचं दार लागलं.

५

आचाऱ्याने सरांच्या घराकडे गाडी हाणली. वाटेत भिंगबाईंनी त्याला सगळं सांगितलं आणि तो सारखा एकच वाक्य बोलत राहिला, "मी सांगायला हवं होतं, बाई, मी सांगायला हवं होतं." सरांचा फोन बंद होता.

दार उघडलं सरांच्या बायकोने, आणि भिंगबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

वहिनी कित्येक महिन्यांत दिसल्या नव्हत्या. लेकीकडे गेलीय, असं सर सांगायचे. दारात उभी होती ती गालफडं बसलेली, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेली बाई. भुवयांचे केससुद्धा गळलेले. गणिताच्या शिक्षिका म्हणून सगळ्या शाळेला धाकात ठेवणाऱ्या वहिनी एवढ्याशा झाल्या होत्या.

"अगं, तू?" त्या हसल्या. "आता काय लपवायचं तुझ्यापासून! गाठ पोटात आहे. मीच यांना म्हटलं होतं, कुणाला सांगू नका, लोक कणव करतात. ये, आत ये. बरी आलीस. आजपासून माझं नवं औषध सुरू."

त्यांची एक बाही दंडापर्यंत वर दुमडलेली होती.

म्हणजे सरांना गाठ नव्हतीच! परगावची परिषदही नव्हती. सर तेव्हा वहिनींना उपचारांसाठी घेऊन गेले होते. भिंगबाई वहिनींना बाजूला सारून आत धावल्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पांढऱ्या टोपणांच्या कुप्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि सर सुई भरत होते.

"सर, ठेवा ती खाली."

सर दचकले, पण सुई सोडली नाही. "तुला कळणार हे ठाऊक होतं मला. एवढ्या लवकर कळेल असं वाटलं नव्हतं."

"खाली ठेवा. त्यात द्राव उरलाय. धुतलेली नाही ती खेप."

"काहीतरी बोलू नकोस. मी स्वतः..." सरांची जीभ अडखळली.

"तुम्ही स्वतः घेतलंत. माहीत आहे मला. दंडात टोचून घेतलंत, काखेत अवधाण आलं, थंडी वाजून ताप येतोय. तुम्हाला वाटलं, उंदरांना झालं तेच झालं, म्हणजे काम होतंय. आरशात डोळे बघितलेत का? यकृत जातंय तुमचं!"

दाराशी काहीतरी पडलं. वहिनींनी चौकट धरली होती आणि त्यांची काठी जमिनीवर होती.

"तुम्ही स्वतःला टोचून घेतलंत?" त्या म्हणाल्या. "थंडीताप म्हणालात मला. सर्दी म्हणालात."

"आधी कुणीतरी घ्यायलाच हवं होतं," सर हळूच म्हणाले. "म्हणून एकदोन कुप्या आधीच आणून स्वतःला टोचून बघितल्या. तुला एकदम कसं देणार? मला काही झालं नाही, तर तुला द्यायचं. झालं तर..."

"आणि मला काय सांगितलंत? सगळ्या परीक्षा पास झालेलं औषध आहे. सगळीकडे देतात."

सरांनी नजर ओट्याकडे वळवली.

वहिनींनी उभ्या आयुष्यात नवऱ्याला एकेरी हाक मारली नव्हती. आज त्या ओरडल्या, "अरे, बोल ना!"

त्या एका 'अरे'ने सरांच्या हातातली सुई ओट्यावर निसटली. आचाऱ्याने ती झडप घालून उचलली आणि मग कुप्या एकेक करून पिशवीत भरायला लागला. "मी केलं हे," तो पुटपुटला. "सर, मी धुतली नव्हती. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

सर त्याच्याकडे बघत राहिले, जणू तो परक्या भाषेत बोलत होता. मग त्यांचं वैज्ञानिक डोकं शेवटचं उसळलं. "मग धू! नीट धुऊन दे. चांगली खेप कर. भिंगबाई, तू पाहिलंस ना स्वतःच्या डोळ्यांनी? पहारेकरी गाठ फोडत होते. तू जिने चढून आली होतीस मला सांगायला. आणि मी ते घरात ठेवून हिला मरू देऊ? समिती, परवानगी, दोन वर्षं, चार वर्षं! हिच्याकडे आहेत का तेवढी?"

याला उत्तर देणं भिंगबाईंना फार जड गेलं. पण काच काय सांगते तेच सांगायचं होतं.

"सर, मी आज पुढच्या काचा वाचल्या. जे उंदीर ते घेत राहिले, त्यांचे पहारेकरी प्लास्टिक खाऊन सुस्त झालेत. गाठीभोवती बसलेत आणि तिलाच सांभाळताहेत. गाठ वाढलीय. आधीपेक्षा जास्त."

"सगळ्यांची?"

"मी बघितल्या तेवढ्या सगळ्यांची."

सर स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसले. इतका मोठा माणूस, आणि पाय पोटाशी घेऊन बसला.

पहिल्यांदा हलल्या त्या वहिनी. दुमडलेली बाही त्यांनी खाली सोडली, बटण लावलं, आणि भिंत धरत धरत नवऱ्यापाशी आल्या. त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"भाजतंय," त्या म्हणाल्या. "आचारीभाऊ, गाडी काढा. आधी यांना नेऊ या."

६

सर वाचले. द्राव अंगातून उतरायला वेळ लागला आणि डोळ्यांतलं पिवळेपण त्याहून हळू गेलं. संचालकबाईंना भिंगबाईंनी सारं सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग म्हणाल्या, "मी समितीला काय सांगू?"

ते सांगायची पाळी त्यांच्यावर आली नाही. समिती आली त्या दिवशी सर वॉर्डातून, हाताला सलाइनची पट्टी तशीच ठेवून, सभागृहात आले. ते म्हणाले, की माझं औषध निकामी आहे. गुण आला तो ज्याला आम्ही रिकामं समजत होतो त्याचा, आणि तोही टिकला नाही. कुप्या मी चोरल्या. कुणा माणसाला टोचल्या का असं विचाराल, तर मलाच. पण घरातल्या माणसाला टोचायला मी बसलो होतो, आणि मला थांबवावं लागलं.

सुईवाली मागच्या रांगेत तोंडावर हात घेऊन बसली होती.

सरांची खोली गेली, किल्ली गेली. काम मात्र थांबलं नाही. आचारी आणि सुईवाली आता रिकाम्या कणांवरच बसलेत: पहारेकऱ्यांना जागं करून मग विरघळून जाईल, त्यांच्या पोटात साचणार नाही, असं पॉलिमर करता येतं का? खेप धुऊन झाल्याशिवाय आचारी कपाटाचं दार उघडू देत नाही. त्याची आई पावसाळ्याआधीच गेली. "असं पॉलिमर जमलं असतं तरी तिच्यासाठी उशीरच होता," तो एकदा म्हणाला आणि चंबूखालची आच लहान केली.

वहिनींचे नेहमीचेच उपचार पुन्हा सुरू झाले. त्यांनी एकच अट घातली होती: यापुढे मला बनवायचं नाही, जे असेल ते तोंडावर सांगायचं.

एका दुपारी त्या स्वतःच तळमजल्यावर आल्या. त्यांच्या गाठीचा नवा तुकडा काढला होता आणि भिंगबाईंनी त्याची काच नुकतीच वाचायला घेतली होती. बाहेर बाकावर सर वहिनींची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आत यायचं त्यांना धाडस झालं नाही.

"मला बघायचंय," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, त्यात तुम्हाला काय..."

"माझंच आहे ना ते? सरक जरा."

भिंगबाई सरकल्या. वहिनींनी डोळा लावला. त्यांना आधी धूसर दिसलं, मग भिंगबाईंनी चाक फिरवून दिलं आणि चित्र उमटलं. गुलाबी, जांभळं, रांगोळी विस्कटल्यासारखं.

"यातले आपले कोण?"

"ते गर्द जांभळे, गोल ठिपके. कडेला बघा."

वहिनी बराच वेळ शोधत राहिल्या. शाळेतल्या पोरांची गणितं तपासताना दिसायची तशी त्यांची मान एका बाजूला झुकली होती.

"फार थोडे आहेत गं."

भिंगबाईंच्या ओठांवर धीराचं काहीतरी आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "हो वहिनी. थोडेच आहेत."

वहिनींनी मान हलवली, पण डोळा काढला नाही.

"हा एक बघितलास?" त्या म्हणाल्या. "पार आत घुसलाय. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, एकटाच निघालाय." आणि दाराकडे न बघताच त्यांनी हळू आवाजात जोडलं, "वेडा कुठला."